मेडशीचा एक गुण

उत्तमराव गेले त्याच्या नवव्या दिवशी त्यांची मुलगी उज्ज्वला आमच्याकडे आली आणि दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "काका, तेरवीच्या दिवशी चार वाजता मैदानावर सभा ठेवली. तुमाले बोला लागते."

उज्ज्वला वाशीमला एका शाळेत खेळ शिकवते. पन्नाशीला आली तरी मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असंच बोलते. मी हातातलं पुस्तक मिटलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला कुठे बोलता येतं? मी लिहून देतो, तू वाच."

"लिहून देनारे तं तुमी जलमभर होतेच. येक डाव बोला ना, बाप्पा."

"अगं, मी चाळीस वर्षं वाचनालयात काढली. तिथे 'बोलू नये' ही पाटी मीच रंगवून लावली होती."

ती हसली नाही. खाली बसली, पदराने घाम टिपला आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाबा काय म्हनत जात, आठवते? माह्या मंडळात सात गडी आन आठवा हीरालाल. हीरालालच्या पेनाले चूक नाही. आता आठवाच नाही बोलला तं कोन बोलन?"

मी हो म्हणालो. म्हणजे मान हलवली. तिने तोच होकार धरला आणि निघून गेली. माझा चहा तसाच राहिला होता. तो उचलताना बायको, त्रिशला, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

पेनाला चूक नाही, हे खरं नव्हतं. एक होती. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची. मी ती कुणालाही सांगितलेली नव्हती, आणि ज्याला सांगायला हवी होती तो माणूस नऊ दिवसांपूर्वी गेला होता.

उत्तमराव माळी होते. कारंज्याच्या बाहेर ओढ्याकाठी त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, टोमॅटो, कडेला थोडा गवार. वाडीला लागून एक रिकामा तुकडा होता. त्यात दुसरा कोणी असता तर त्याने आणखी चार वाफे काढले असते. उत्तमरावांनी त्यातले दगड वेचले, माती चाळून टाकली आणि कबड्डीचं मैदान केलं. रोज दुपारी ते भाजीला पाणी देत आणि शेवटचा अर्धा तास तेच पाणी मैदानाकडे वळवत. संध्याकाळी पोरं यायची तेव्हा माती नुकती ओलावलेली असायची. पडलं तरी खरचटायचं नाही. सीताबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "मेथीपरीस या मातीलेच जास्त पानी पाजते हा मानूस." त्या तक्रार करत असत आणि खेळणाऱ्या पोरांसाठी गुळाचं पाणीही तयार ठेवत असत.

उत्तमरावांची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षरांशी त्यांची तोंडओळख होती, मैत्री नव्हती. शहात्तर साली एका स्पर्धेत कुठल्याशा नियमावरून त्यांच्या मंडळाला बाहेर काढलं. पंच म्हणाला, पुस्तकात लिहिलं आहे. उत्तमरावांना ते पुस्तक वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते भाजीची रिकामी टोपली घेऊन वाचनालयात आले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, नुकता चिकटलेला. आमचं बाजारात कापडाचं दुकान होतं, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटे. म्हणून वडिलांनी मला पुस्तकांत सोडलं होतं.

"कबड्डीच्या कायद्याचं पुस्तक हाये का?"

होतं. कोणी कधी नेलेलं नव्हतं.

"मंग वाचून दाखव," ते म्हणाले आणि टोपली उपडी करून तिच्यावरच बसले.

पुढे महिनाभर मी वाडीवर जाऊन तो कायदा वाचत होतो. ते निंदत निंदत ऐकायचे. एकदा ऐकलेलं कलम त्यांना पाठ व्हायचं. पुस्तक संपल्यावर मला वाटलं, आता आपलं काम संपलं. पण त्यांनी मैदानाच्या कडेला एक टेबल आणि खुर्ची मांडली. "आता तू गुण लिहायचे."

मी आयुष्यात कुठल्याच खेळात कोणाच्या बाजूने उभा राहिलेलो नव्हतो. शाळेत गडी वाटायचे तेव्हा मी उरायचो आणि दोन्ही कप्तान म्हणायचे, राहू दे याला. इथेही गड्यांनी थट्टा केलीच. "शेठ, पेन जपून बरं का, मोच येईन." पण खुर्ची रोज मांडलेली असायची. मी ज्या दिवशी जात नसे त्या दिवशीही असायची, हे मला सीताबाईंनी सांगितलं.

मंडळाला उत्तमरावांचा एक नियम होता. पुस्तकातला नव्हे, त्यांचा स्वतःचा. लागला तर हात वर. म्हणजे चढाईच्या गड्याचा हात किंवा पाय तुला लागला, किंवा तुझा पाय रेषेबाहेर पडला, तू बाद झालास, पण पंचाला दिसलं नाही, तरी तू स्वतः हात वर करून मैदानाबाहेर जायचं. यामुळे आम्ही किती सामने हरलो त्याची मोजदाद माझ्याकडे आहे. दुसऱ्या गावची पोरं आम्हाला पाहून ओरडायची, "हातवाले आले बे, हातवाले!" आमचे गडी चिडायचे. एकदा एकाने विचारलंच, "भाऊ, पंचाले नाही दिसलं तं आमी कायले सांगाव?"

उत्तमराव म्हणाले, "तुले लागलं का नाही?"

"लागलं."

"मंग तुले तं मालूम हाये ना? झालं."

यापेक्षा जास्त त्यांनी कधीच समजावलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात रिसोडला स्पर्धा झाली. आपला जिल्हा तेव्हा अकोला होता. अंतिम सामना कारंजा विरुद्ध मेडशी. मेडशीचा कप्तान धनसिंग. उंच, काटक, चढाईला निघाला की प्रेक्षकही दोन पावलं मागे सरकत. ऐन वेळी ठरलेला गुणलेखक तापाने फणफणला. दुसरा कोणी मिळेना. तेव्हा उत्तमरावांनी धनसिंगला विचारलं, "आमचा पोट्टा बसवू का? पटत नसन तं सांग."

धनसिंगने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हाही हाच होतो. बारीक, चष्मा, खिशाला दोन पेनं. तो म्हणाला, "जैनाचं लेकरू दिसते. खोटं नाही लिहिनार. बसू द्या."

असा मी त्या टेबलाशी बसलो. दोन्ही बाजूंनी विश्वास टाकून बसवलेला.

गुणपत्रकावर दोन्ही संघांसाठी आकड्यांची एकेक ओळ छापलेली असते. गुण मिळाला की पुढचा आकडा खोडायचा. समोरचे सातही गडी बाद झाले की लोण चढतो आणि त्याचे दोन गुण जादा मिळतात. म्हणजे दोन आकडे खोडायचे. उत्तरार्धात मेडशीने आमच्यावर दुसरा लोण चढवला. त्याच क्षणी प्रेक्षकांतून कोणीतरी मैदानात घुसलं, आरडाओरडा झाला, माझं टेबल हललं, दौत नव्हती म्हणून बरं. मी पत्रक छातीशी धरलं. गोंधळ निवळल्यावर टेबलावर ठेवलं, एक आकडा खोडला आणि वर पाहिलं. आमचा गडी चढाईला निघाला होता. दुसरा आकडा खोडायचा राहिला.

सामना संपला. कारंजा सत्तावीस, मेडशी सव्वीस. पंचाने माझ्या पत्रकावरून वाचलं.

आमच्या गड्यांनी उत्तमरावांना खांद्यावर घेतलं. ते खाली उतरले, गर्दीतून वाट काढत माझ्या टेबलाशी आले आणि माझ्या खांद्यावर मातीने भरलेला हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा आमचा आठवा गडी!" मी रडलो. एकवीस वर्षांचा घोडा, सगळ्यांसमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्राला बातमी पाठवण्यासाठी पत्रकाची स्वच्छ प्रत करायला घेतली. मेडशीने बाद केलेले गडी तेवीस. लोण दोन, त्याचे चार. सत्तावीस होत होते. मी पुन्हा मोजलं. मग बोट ठेवून मोजलं. मग उठून पाणी प्यायलो आणि पुन्हा मोजलं. बरोबरी होती. कायद्याप्रमाणे दोन्ही संघांना पाच-पाच मिनिटांचे दोन जादा डाव मिळायला हवे होते. ते खेळलेच गेले नव्हते. त्यांत कोण जिंकलं असतं, कोणालाच सांगता येत नाही.

गोंधळात झालेली चूक मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण त्यानंतर मी बातमी लिहिली, तिच्यात सत्तावीस-सव्वीस लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं. खांद्यावरच्या हाताची ऊब अजून जात नव्हती. आठवा गडी एका दिवसात बाद व्हायला तयार नव्हता. ही चूक नव्हती. हे मी केलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, उत्तमराव संघ घेऊन मेडशीला गेले. मैत्रीचा सामना, असं म्हणाले. एसटीने शेलूबाजार, मालेगाव करत आम्ही पोचलो. मी टेबलाशी बसलो. शिट्टी व्हायच्या आधी उत्तमराव वाकून म्हणाले, "मेडशीचा येक गुण आधीच लिही."

"का?"

"मानाचा. आपन त्याईच्या गावात आलो ना. लिही."

मी लिहिला. तेव्हापासून दरवर्षी करीला हा सामना होतो. करोनाची दोन वर्षं सोडली तर चुकला नाही. दरवर्षी मेडशी एकपासून सुरुवात करते आणि कारंजा शून्यापासून. गडी बदलले, पोरांची पोरं खेळू लागली. कोणाला कारण माहीत नाही, पण तो गुण द्यायचाच असतो. मी त्यावर एकदा लेखही लिहिला होता, खेडेगावांतल्या पाहुणचारावर.

मला कधीच शंका आली नाही असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. पहिल्याच वर्षी आली होती. मी मान वर करून उत्तमरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. ते मैदानाकडे पाहत होते, दोन्ही हात सदऱ्याच्या दोन्ही खिशांत. सामना चालू असताना त्यांचे हात नेहमी असेच खिशात ये-जा करत, आणि घरी गेल्यावर खिशांतून तुरीचे दाणे निघत. सीताबाई ते अंगणात चिमण्यांना टाकत. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी शंका मिटवून ठेवली, नको असलेलं पान मिटवावं तशी.

आमच्यात पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस असतो. लहानथोर सगळ्यांकडे जाऊन क्षमा मागायची. मी दरवर्षी वाडीवर जायचो. उत्तमरावांपुढे हात जोडून म्हणायचो, "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा." तेही हात जोडायचे. मग थोडं थांबून विचारायचे, "अजून काही?"

"नाही," मी म्हणायचो.

"मंग बस. च्या घे."

इतकी वर्षं. कळत-नकळत या शब्दांत किती काही लपवता येतं! गेल्या क्षमावाणीला ते अंथरुणावर होते. मी हात जोडले. त्यांनी मोठ्या कष्टाने हात जुळवले आणि विचारलं, "अजून... काही?" माझे ओठ उघडले होते. तेवढ्यात सीताबाई चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "नाही." त्यांनी डोळे मिटले. दोन महिन्यांनी ते गेले.

उज्ज्वला येऊन गेली त्या दुपारपासून मी भाषण लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ती गोष्ट नव्हती. दुसऱ्यात होती, पण इतकी सुंदर लिहिलेली की ती कुणा दुसऱ्याची वाटत होती. तिसरा फाडला. पाचव्याला त्रिशला समोर येऊन बसली.

"माणूस गेला म्हणून दुःख होतं, मला कळतं. पण चार दिवस कागद फाडायचं दुःख वेगळं असतं. काय केलंत तुम्ही?"

मी सांगितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तिलाही सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे दर क्षमावाणीला माझ्याकडून लाडू करून न्यायचे आणि तिथे जाऊन नुसतं मोघम म्हणून परत यायचं?"

"हो."

"लाडू तरी परत आणायचे होते."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. मी म्हणालो, "आता सांगून काय होणार? रिसोडला जिंकलेली ती ढाल त्यांची सगळ्यात मोठी. तिच्यानंतर मंडळाला गावोगावची बोलावणी यायला लागली. गेलेल्या माणसाच्या तेरवीला त्याचा विजय काढून घ्यायचा? सीताबाई समोर बसलेल्या असतील."

त्रिशला उठली. कागदांचे कपटे गोळा करत म्हणाली, "पंचाला दिसलं नाही तरी हात वर करायचा, हा नियम त्यांच्या गड्यांना होता ना?"

"होता."

"मग आठवा गडी म्हणवून घेता कशाला?"

तेरवीच्या दिवशी मैदान भरलं होतं. वाडीत यंदा मेथी नव्हती. पण मैदानावर कुणीतरी दुपारी पाणी मारलं होतं. मातीचा तो ओला वास आला. सीताबाई पुढे खुर्चीवर बसल्या होत्या. मेडशीहून एक जीप भरून माणसं आली होती. त्यांत धनसिंग होता. आता पंच्याहत्तरीचा; काठी टेकत, पाठीत वाकलेला, पण नजर तीच, चढाईची.

चार-पाच जण बोलले. चांगलं बोलले. मग उज्ज्वलाने माझं नाव घेतलं. "आता आपले हीरालालकाका. बाबाईचे आठवे गडी."

मी ध्वनिक्षेपकापाशी गेलो. खिशातून कागद काढला. सातवा मसुदा होता. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. कोणीतरी खोकलं. मागून एक म्हातारा गडी हळू पण ऐकू जाईल असा म्हणाला, "शेठ, पेनाले मोच आली का?" दोघं-तिघं हसले, मायेनेच हसले.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उजवा हात वर केला.

लोकांना वाटलं, मी नमस्कार करतो आहे की काय. पण मंडळाच्या गड्यांना कळलं. हसणं थांबलं.

"मला लागलं होतं," मी म्हणालो. "रिसोडला. पंचाला दिसलं नाही."

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी बातमीचं सांगितलं, मग लोणाचं, मग पुन्हा मागे गेलो. शेवटी म्हणालो, "सामना बरोबरीत होता. सत्तावीस-सत्तावीस. मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. उत्तमरावांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कोणाचंही काही घेतलं नाही. घेतलं ते मी. सीताबाई, धनसिंगभाऊ, तुमची दोघांची क्षमा मागतो. मोघम नाही. याच गोष्टीची."

हात वरच होता. खाली घ्यायचं सुचलं नाही.

आमच्या बाजूने कोणीतरी पुटपुटलं, "आता कायले काढाव हे?" मी उज्ज्वलाकडे पाहू शकलो नाही. तेवढ्यात काठीचा आवाज आला. धनसिंग उठला होता. दोघांनी धरायचा प्रयत्न केला, त्याने त्यांना झटकलं आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"हात खाली घ्या शेठ, दुखन," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला.

"रिसोडच्या सामन्याले आठ दिवस झाले आन हा उत्तम माह्या दारात येऊन हुभा. मी म्हनलो, आता काय ढाल दाखवाले आला का? हा ओट्यावर बसला. उजव्या खिशातून तुरीचे दाने काढले, मांडले. डाव्या खिशातून काढले, मांडले. म्हने, मोज. उजवे त्याईचे सत्तावीस. डावे आमचे सत्तावीस. याले लिहिता येत नोतं ना. हा असाच मोजे. गुन झाला का मुठीतला येक दाना खिशात."

सीताबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"मी भडकलो. म्हनलो, चाल, त्या लिहिनाऱ्याले पंचापुढे हुभा करतो. हा म्हने, ढाल ने, पाहिजे तं माह्यावर बोल. पन त्या पोट्ट्याचं नाव घेऊ नोको. आज त्याले सभेत हुभा केला तं तो पुन्हा कधी मैदानावर यिनार नाही. येवढी येकच जागा हाये त्याले बसाले." धनसिंगने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हनलो, ढाल घेऊन काय चाटू? आमचे जादा डाव राह्यले, ते दे. तवापासून हा दर करीले येऊन राह्यला. आमचा येक गुन आधी लिहून. मीच किती बार म्हनलो, उत्तम, बस झालं आता, फिटलं. तं म्हने, माहं फिटलं असन. त्याचं नाही फिटलं. तो हात वर करन. आपन वाट पाहू."

तो माझ्याकडे वळला. डोळे ओले होते, पण आवाज कडक होता. "सेहेचाळीस वर्सं वाट पाह्यली त्यानं. तुमी तेरा दिवस उशिरा आले, शेठ."

'अजून काही?' हे ते दरवर्षी का विचारत, ते मला तिथे, त्या ओल्या मातीवर उभं असताना कळलं. त्यांनी मला वाचवलं होतं आणि माझ्यासाठी एक दार उघडं धरून ठेवलं होतं. मी दरवर्षी त्या दारात उभा राहून चहा पिऊन परत येत होतो.

सभा कशी संपली ते मला नीट आठवत नाही. सीताबाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझा हात धरला. "मले वाटे, हा मानूस खिशात दाने काहून ठेवते," त्या म्हणाल्या. "चिमन्याईसाठीच असतीन म्हनलं." एवढंच बोलल्या. उज्ज्वला खुर्च्या उचलत होती, जरा जास्तच आवाज करून. मी घरी आलो आणि गुणांच्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा बांधून ठेवला. पुढच्या करीला टेबलाशी दुसरं कोणीतरी बसेल, हे मी स्वतःला समजावत होतो. समजत होतं, पटत नव्हतं.

जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी सकाळी, फोन आला.

"काका, उद्या सकाळी सातले जीप निंघते. तयार राहा."

"उज्ज्वला, मी... दुसऱ्या कोणाला..."

"मले राग आला होता. अजून बी हाये थोडा. बाबाईनं मले बी नाही सांगतलं, त्याचा जास्त हाये. पन खुर्ची कोनासाठी मांडू मी? सातले. मफलर घ्या, थंडी हाये."

मेडशीचं मैदान शाळेच्या मागे आहे. पलीकडे तुरीची रानं, शेंगा भरून वाळायला लागलेल्या. टेबल मांडलेलं होतं. मी पत्रक पसरलं, संघांची नावं लिहिली आणि सवयीने पेन मेडशीच्या ओळीतल्या पहिल्या आकड्याकडे गेलं.

"ओ शेठ!" धनसिंग समोरच्या खाटेवरून ओरडला. "कोरं राहू द्या यंदा!"

"मानाचा आहे तो."

"झाला मान. खेळू द्या पोराईले."

मग त्याने कोणाच्या तरी हाती एक मूठभर तूर माझ्या टेबलावर पाठवली. "आन हे घ्या. तुमच्या पेनाचा भरोसा नाही." सगळे हसले. उज्ज्वलाही हसली. मीही हसलो असेन. दाणे मी मुठीत धरले.

शिट्टी झाली. पहिली चढाई मेडशीची. एक उंच पोरगा, धनसिंगचाच नातू म्हणे, आमच्या कोपऱ्यात शिरला, वळला, उडी मारून मध्यरेषेकडे निघाला. वळताना त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडल्यासारखा मला वाटला. पण दृष्टी माझी, वय माझं, मी काय सांगणार. पोरगा मध्यरेषा ओलांडून गेला. पंचाने काही दिलं नाही.

पोरगा आपल्या अंगणात उभा राहिला. त्याने पंचाकडे पाहिलं, मग खाटेवर बसलेल्या आजोबाकडे. आजोबा त्याच्याकडे पाहत नव्हता. पोराने हात वर केला आणि चालत मैदानाबाहेर गेला.

मी कारंज्याच्या ओळीतला पहिला आकडा खोडला. मग मूठ जरा उघडली आणि एक दाणा उजव्या खिशात टाकला.